दार उघडे, किल्ली पालकांच्या हाती

बारावीचा निकाल, अठरावा वाढदिवस, नाताळची सुट्टी किंवा वर्षअखेरची रात्र. निमित्त कोणतेही असो, आज अनेक घरांत एक प्रश्न विचारला जातो : 'मित्रमैत्रिणींना घरी बोलवू का?' हा प्रश्न ऐकून आई-वडील सुखावतात. आपला मुलगा, आपली मुलगी घराला आपले मानते, याचाच तो पुरावा असतो. परंतु लगेच दुसरा प्रश्न येतो : 'त्या संध्याकाळी तुम्ही मावशीकडे गेलात तर चालेल का?' आणि पालक गोंधळात पडतात. 'हो' म्हणावे तर काळजी वाटते, 'नाही' म्हणावे तर अविश्वास दाखविल्यासारखे होते.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) येथील एखादे घर आपण डोळ्यांपुढे आणू या. एकेकाळची ही शेतीची गावे. बोरगाव, सावंगी, सिंदी, पिपरी, सर्वांच्या नावापुढे 'मेघे' आहे. शहर वाढत गेले तसतशी येथे नोकरदारांची घरे उभी राहिली. एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला सावंगी, अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये शेजारी असल्याने विद्यार्थ्यांचा राबताही मोठा. अशा वस्तीत दोन खोल्या, पुढे अंगण, वर गच्ची असलेल्या घरात पंधरा-वीस युवक-युवती एकत्र जमणार असतील, तर त्या घरच्या पालकांची जबाबदारी नेमकी कोणती, या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करीत आहोत. हा प्रश्न केवळ कौटुंबिक राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांतील घटनांनी आणि कायद्यांतील बदलांनी तो सार्वजनिक झाला आहे.

दोन रात्री

२४ जानेवारी २०२२ची रात्र वर्धा जिल्हा विसरलेला नाही. सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी मोटारीने परतत असताना देवळी मार्गावरील सेलसुरा येथे त्यांची गाडी पुलावरून खाली कोसळली आणि सातही जणांचा मृत्यू झाला. एका मित्राचा वाढदिवस साजरा करून ते परतत होते. ही मुले किशोरवयीन नव्हती, विशीत होती. उद्याचे डॉक्टर होती. त्यांच्यावर किंवा त्यांच्या कुटुंबियांवर कोणताही ठपका ठेवण्यासाठी आम्ही या घटनेचा उल्लेख करीत नाही. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते एका साध्या सत्याकडे : आनंदाच्या संध्याकाळी सर्वांत धोक्याची वेळ बहुधा संध्याकाळ संपल्यानंतर सुरू होते. रात्र, थकवा, अंधारलेला रस्ता आणि गाडीत बसलेले मित्र. एवढे एकत्र आले की काही क्षणांत सारे संपू शकते.

दुसरी रात्र पुण्याची. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगर भागात एका भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करण्यासाठी तो मित्रांसह मद्य मिळणाऱ्या ठिकाणी गेला होता, असे तपासात पुढे आले. बाल न्याय मंडळाने प्रारंभी घातलेल्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्यावर देशभर संताप व्यक्त झाला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाच्या आई-वडिलांनाही अटक झाली. वडिलांवर मोटार वाहन कायद्याबरोबरच बाल न्याय कायद्याखालीही गुन्हा नोंदविला गेला. न्यायालयाचा अंतिम निर्णय काय असेल तो असो. परंतु या प्रकरणाने प्रत्येक पालकाला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली : 'मुलाने केले, आम्हांला काय ठाऊक' हा बचाव आता पुरेसा नाही.

तीन मार्ग, तिन्ही सदोष

मुलांच्या विनंतीला पालक सामान्यतः तीन प्रकारे उत्तर देतात.

पहिला मार्ग सरसकट नकाराचा. 'आमच्या घरात असले चालणार नाही' असे म्हटले की प्रश्न मिटला, असे वाटते. तो मिटत नाही, केवळ पत्ता बदलतो. घर बंद झाले की धाबा, शेतावरील खोली, धरणाचा काठ किंवा कुणाच्या तरी रिकाम्या घराची गच्ची उघडते. तेथे कोणीही मोठे माणूस नसते आणि परतीचा रस्ता अधिक लांब असतो.

दुसरा मार्ग घर सोपवून निघून जाण्याचा. यात विश्वास दिसतो, पण बहुधा तो संकोच असतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर वीस पाहुण्यांची जबाबदारी टाकणे हा त्याचा सन्मान नव्हे. आगंतुक चार जण बाटली घेऊन दारात उभे राहिले, तर त्यांना 'परत जा' असे सांगण्याचे बळ त्या वयात फार थोड्यांना असते. मित्रांपुढे वाईटपणा घेण्याचे काम आई-वडिलांचे आहे. 'बाबा घरी आहेत' हे एक वाक्य मुलाला मोठे संरक्षण देते. आतून तोही त्यासाठी कृतज्ञ असतो, तोंडाने मात्र तसे सांगणार नाही.

तिसरा मार्ग अधिक फसवा. 'बाहेर पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घेतलेली बरी', असे काही सुशिक्षित पालक आज उघडपणे म्हणतात. ज्या कुटुंबांत सणासमारंभाला मोठ्यांच्या मेजावर वाइनचा पेला असतो, तेथे तर हा युक्तिवाद सहज पटतो. थोडी चव घरीच दिली की मुले बाहेर संयम पाळतील, अशी ही समजूत. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० किशोरवयीन मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा सहा वर्षे मागोवा घेऊन ही समजूत तपासून पाहण्यात आली. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पालकांनी दिलेल्या मद्यामुळे मुलांचे रक्षण होते याला कोणताही आधार आढळला नाही. उलट, घरी मद्य मिळालेल्या मुलांना पुढे बाहेरूनही ते मिळण्याची शक्यता अधिक दिसली आणि अतिसेवनाचे व त्यातून होणाऱ्या हानीचे प्रमाणही अधिक होते. हेतू चांगला असला, तरी परिणाम चांगला होईलच असे नाही.

दारूबंदीच्या जिल्ह्यातील पेच

वर्ध्याच्या पालकांपुढे आणखी एक प्रश्न आहे. महात्मा गांधी आणि विनोबा यांच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ साली आली. चंद्रपुरात २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली उठविण्यात आली. बंदीमुळे अवैध दारू वाढली, तिच्या व्यापारात स्त्रिया व मुले ओढली गेली, असे कारण तेव्हा शासनाने दिले. बालपण वर्ध्यात गेलेले डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्या निर्णयाला कडाडून विरोध केला. बंदी हवी की नको, हा वाद अजून मिटलेला नाही आणि येथे तो मिटविण्याचा आमचा हेतूही नाही.

आम्हांला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. ज्या जिल्ह्यात दारूचे अधिकृत दुकान नाही, तेथे ती मिळते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अवैध दारू पकडल्याच्या बातम्या तो वर्तमानपत्रात वाचतो. लग्नाच्या मांडवामागे किंवा शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या गाडीच्या डिकीत काय असते, तेही तो पाहतो. हे सारे पाहून तो दारूपेक्षाही वाईट गोष्ट शिकतो. ती म्हणजे, नियम दाखविण्यासाठी असतात आणि मोठी माणसे डोळेझाक करतात. अशा मुलाला 'आमच्या घरात दारू चालणार नाही' असे सांगितले, की तो ते वाक्यही त्याच जातीचे समजतो. बोलायचे एक, करायचे दुसरे!

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की घरातील या छोट्या मेजवानीला मोठे महत्त्व आहे. जिल्ह्याचा कायदा कागदावर राहिला, तर त्याला शासन जबाबदार. घरातला नियम कागदावर राहिला, तर त्याला आपणच जबाबदार. सांगितलेला नियम खरोखर पाळला जातो, तो मोठ्यांनाही लागू असतो आणि तो पाळूनही आनंद घेता येतो, हे मुलाने आयुष्यात कुठेतरी पाहिले पाहिजे. ते त्याने आपल्या घरात पाहावे. त्या रात्री वडिलांनी स्वयंपाकघरात आपला पेला भरला, तर पुढचे सारे शब्द वाया गेले, असे समजावे.

कायदा काय सांगतो?

यजमान पालकांनी काही तरतुदी माहीत करून घेणे हिताचे आहे.

अठरा वर्षांखालील मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणे हा बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७७ अन्वये गुन्हा आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणारा दुकानदार असो वा मित्राचे वडील, कायदा तसा भेद करीत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे वाट मोकळी झाली, असेही नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. शिवाय वर्ध्यात तर बंदीच आहे. ज्या ई-सिगारेटला मुले 'व्हेप' म्हणतात, तिच्या विक्रीवर व साठवणुकीवर २०१९च्या कायद्याने देशभर बंदी आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेली सुधारणा याहूनही महत्त्वाची. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीसाठी असतो. आपल्या अंगणात उभ्या असलेल्या बहुतेक स्कूटर त्यात बसत नाहीत, हे अनेक पालकांच्या लक्षातच येत नाही.

अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत लैंगिक वर्तनासाठी 'संमती होती' हा युक्तिवाद २०१२चा पॉक्सो कायदा मान्य करीत नाही. खोल्यांची दारे बंद न ठेवण्याचा नियम म्हणजे जुनाटपणा नव्हे, तो सर्वांच्या संरक्षणासाठी आहे. तसेच रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. शेजारच्या घरात एखादी मुलगी बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करीत असेल, एखादे आजोबा नुकतेच दवाखान्यातून आले असतील, याचे भान कायद्याच्याही आधी यावे.

करावे काय?

आमच्या मते उत्तर सोपे आहे, जरी ते पाळणे सोपे नसले तरी. दार उघडावे, पण घर सोडू नये.

मुलाबरोबर आठवडाभर आधी बसावे. पाहुणे किती, कोण, किती वाजेपर्यंत, हे त्यालाच कागदावर लिहू द्यावे. वीस म्हणजे वीस. 'सर्वांनी या' असा निरोप समाजमाध्यमावर गेला, की वीसचे साठ होतात. म्हणून निमंत्रण प्रत्येकाला वेगळे जावे. नियम थोडे आणि स्पष्ट असावेत : मद्य, सिगारेट, व्हेप नाही, बाहेरून आणलेली बाटली दारातच राहील, गच्चीच्या कठड्यावर बसायचे नाही, दहा वाजता संगीत बंद, कोणाचेही छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून पसरवायचे नाही. शेवटचा नियम पूर्वी नव्हता, आज तो अत्यावश्यक आहे. एका रात्रीचा खोडकरपणा भ्रमणध्वनीतून कायमचा मागे लागतो आणि त्याचा भार बहुधा मुलींवरच पडतो.

पाहुण्यांच्या पालकांना आपण स्वतः दूरध्वनी करावा. 'आम्ही घरी आहोत, मद्य नसेल, मुलांना अमुक वाजता न्यायला या' ही तीन वाक्ये पुरेत. या दूरध्वनीचा सर्वांत मोठा लाभ मुलींना होतो. आपल्याकडे मुलाला 'लवकर ये' आणि मुलीला 'जाऊ नको' असे सांगण्याची रीत आहे. यजमान पालकांच्या शब्दामुळे एखाद्या मुलीला वर्गमित्रांसोबत हसण्या-खेळण्याची एक संध्याकाळ मिळत असेल, तर ते काही लहान काम नव्हे. एकाच धर्मग्रामातील, एकाच वस्तीतील कुटुंबे एकमेकांना ओळखतात. ती ओळख अशा वेळी उपयोगी पडली पाहिजे.

खाणे भरपूर असावे. पोट भरलेले आणि हात गुंतलेले असले की निम्मे प्रश्न निर्माणच होत नाहीत. गच्चीवर मुलांनाच चुलीजवळ उभे करावे, तर्री-पोहे त्यांनीच वाढावेत. वर्ध्याचा गोरसपाक ठेवला तर पाहुण्यांनाही तो आवडेल. गाणी, अंताक्षरी, कॅरम, क्रिकेटचा सामना, जे हवे ते त्यांनी ठरवावे. पालकांनी मध्येच नाचायला जाऊ नये आणि पहारेकऱ्यासारखे उभेही राहू नये. शेजारच्या खोलीत असावे. तासाभराने सरबताचा जग घेऊन एक फेरी मारावी, एवढेच. मुलांना त्यांचा अवकाश मिळतो आणि मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वाहनांच्या किल्ल्या. येताना प्रत्येकाने आपली किल्ली दाराजवळच्या टोपलीत ठेवावी. टोपली पालकांच्या ताब्यात असावी. जाताना किल्ली देण्याआधी दोन शब्द बोलावेत, चेहरा पाहावा, शिरस्त्राण आहे की नाही ते पाहावे. परवाना नसलेल्याला किल्ली देऊच नये, त्याच्या घरी दूरध्वनी करावा. एका दुचाकीवर तिघे बसणार असतील, तर त्यांतील एकाला आपण सोडून यावे. लांब राहणाऱ्यांसाठी सतरंज्या अंथरून ठेवाव्यात, मुलांसाठी एका खोलीत, मुलींसाठी आईच्या खोलीत. घरी पोहोचताच निरोप पाठविल्यावाचून त्या रात्रीची मेजवानी संपली असे समजू नये.

एवढे करूनही चूक घडू शकते. कोणी आधीच पिऊन आलेला असेल. अशा मुलाला दारातून हाकलून देणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण त्याच्यापुढे पुन्हा तोच रस्ता असतो. त्याला आत घ्यावे, बसवावे, त्याच्या पालकांना कळवावे. तो उलट्या करीत असेल, गुंगीत असेल, तर त्याला कुशीवर निजवावे आणि क्षणभरही एकटे सोडू नये. लिंबूपाणी पाजणे, थंड पाण्याने आंघोळ घालणे असले प्रयोग करू नयेत. हाकेला उत्तर देत नसेल, श्वास मंद वाटत असेल, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालये वर्ध्यापासून जवळच आहेत. 'लोक काय म्हणतील' या विचारात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. तसेच मुलांना हेही आधीच सांगून ठेवावे, की कोणाला बरे वाटत नसेल तर प्रथम आम्हांला हाक मारा. मित्राला वाचविण्यासाठी खरे बोलणाऱ्यावर आम्ही त्या रात्री रागावणार नाही. पुण्याच्या प्रकरणात ज्या लपवाछपवीचे आरोप झाले, ते वाचताना आम्हांला वारंवार वाटत राहिले, की मुलाला वाचविणे आणि मुलाची चूक झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा 'नाही' म्हटलेले बरे. आम्ही नम्रपणे असहमत आहोत. दोन-तीन वर्षांत हीच मुले शिक्षणासाठी नागपूर, पुणे, मुंबईला जातील. तेथे त्यांच्या खोलीचे दार कोण उघडणार आणि कोण बंद करणार, हे पाहायला आपण नसू. पाहुण्यांचे स्वागत कसे करावे, 'नको' कसे म्हणावे, मित्राला घरी कसे पोहोचवावे, हे शिकण्यासाठी त्यांच्यापाशी आपल्या घरातील एवढ्याच काही संध्याकाळी आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाने विचारले, तर 'हो' म्हणावे. मावशीकडे मात्र दुसऱ्या दिवशी जावे. आणि त्या रात्री शेवटच्या पाहुण्याचा 'पोहोचलो' हा निरोप येईपर्यंत अंगणातला दिवा मालवू नये.